टायरचे शुद्धलेखन

काही माणसांना दिसेल त्या वस्तूला हात लावून पाहण्याची खोड असते. मला दिसेल ते वाचण्याची आहे. भेळ संपली की पुडीचा कागद मी उलगडून वाचते. औषधाच्या बाटलीवरचा मुंगीएवढा मजकूर, एस.टी.तल्या सूचना, लग्नपत्रिकेतली आप्तेष्टांची लांबलचक यादी, यांतले काही म्हणून सुटत नाही. वीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवून आणि त्यांतल्या कितीतरी संध्याकाळी उत्तरपत्रिकांत घालवून दुसरे काय व्हायचे? वाचता वाचता डोळा नेमका चुकीवर जाऊन बसतो. ‘येथे शुद्ध तुप मिळेल’ अशी पाटी दिसली की मला त्या तुपाच्या शुद्धतेबद्दलच शंका येऊ लागते.

पण मोटारीच्या टायरवरही वाचण्यासारखे काही असते, हे मला गेल्या उन्हाळ्यात कळले. रत्नागिरीला माहेरी जायचे होते. घाट उतरायचा, मागे मुले आणि सासूबाई बसणार, म्हणून यजमानांनी आधी चारही टायर बदलून घ्यायचे ठरवले. दुकानात त्यांची आणि दुकानदाराची चहा घेत भावाची घासाघीस चालू झाली. मला एका स्टुलावर बसवण्यात आले होते. समोर टायरांची चळत. वर्तमानपत्र नाही, कॅलेंडर नाही. मग मी टायर वाचायला घेतला.

काळ्यावर काळी अक्षरे, पण सुबक. १८५/६५ आर १५ ८८ एच. मला तो एखाद्या सूत्रासारखा वाटला, आणि आहेही तसाच. दुकानातल्या पोरसवद्या कारागिराने मला त्याचे भाष्य सांगितले. टायरची रुंदी १८५ मिलिमीटर. उंची त्या रुंदीच्या शेकडा ६५. ‘आर’ म्हणजे रेडियल जातीचा. १५ इंची चाकाला बसणारा. ८८ म्हणजे ८८ किलो नव्हेत, तर भाराच्या कोष्टकातला अठ्ठ्याऐंशीवा आकडा, म्हणजे एका टायरवर ५६० किलो. ‘एच’ म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. पाणिनीलाही हेवा वाटावा असा हा अक्षरांचा काटकसरीपणा!

त्याच अंगावर पुढे एक लांबट चौकट होती आणि तिच्यात चार आकडे : ३४१९. “हा आठवडा आणि हे साल,” मुलगा म्हणाला. म्हणजे २०१९ सालचा चौतिसावा आठवडा. मनातल्या मनात मी हिशेब केला. त्या वर्षीचा श्रावण. संवत्सराचे नाव विकारी. विकारी नाम संवत्सरात जन्मलेला टायर माझ्या मुलांना घेऊन आंबा घाट उतरणार होता!

मी दुकानदाराला हळूच म्हटले, “हे टायर बरेच जुने दिसतात.”

“छे हो ताई, कोरे करकरीत आहेत. वरचा कागदसुद्धा काढलेला नाही.”

“पण त्यावर लिहिलंय ना.”

“लिहिलेलं कोण वाचतं, ताई?”

“मी वाचते,” मी म्हटले. “मला त्याचाच पगार मिळतो.”

यजमानांनी चहाचा कप खाली ठेवला. आतल्या खोलीतून त्याच मापाचे, अवघ्या दोन महिन्यांचे चार टायर निघाले. रबर वापरले नाही तरी म्हातारे होते. हवा आणि ऊन त्याला पडल्या जागी कडक करतात. कोरेपणा आणि तरुणपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे टायरांच्या बाबतीत त्या चार आकड्यांखेरीज सांगणार कोण?

या आकड्यांचीही एक गंमत आहे. २००० सालापूर्वी ते तीनच असत. आठवड्याचे दोन आणि सालाचा शेवटचा एक. त्यामुळे नऊ आकडा दिसला तर साल १९८९ की १९९९, याचा उलगडा होणे कठीण. आपल्या संवत्सरांसारखेच हे. साठ वर्षांनी तेच नाव परत येते आणि आजोबा नि नातू एकाच संवत्सरातले ठरतात. आजोबा कोण हे निदान पाहून तरी कळते. टायरचे तसे नाही.

घरी परतल्यावर मला स्वस्थ बसवेना. ही अक्षरे कोण लिहायला लावतो, आणि ती चुकली तर काय होते? शोध घेता घेता मी अमेरिकेत जाऊन पोचले. तिथे १९६५ साली राल्फ नेडर या तरुण वकिलाने मोटारींच्या असुरक्षितपणावर एक पुस्तक लिहिले. त्याने गदारोळ उडाला आणि पुढच्याच वर्षी वाहनसुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला. टायरवर काय छापायचे याचे नियम त्याच्या पोटी आले.

त्या अक्षरांची खरी किंमत कळली ती २००० सालच्या ऑगस्टमध्ये. फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले. फोर्डच्या एक्स्प्लोरर नावाच्या उंच गाड्यांवर ते बसवलेले असत. भर वेगात टायरची वरची पट्टी आतल्या थरांपासून सुटे आणि गाडी कोलमडे. अमेरिकेच्या सरकारी नोंदीत या टायरांशी निगडित अशा २७१ मृत्यूंची गणना आहे. मोटारवाले टायरकडे बोट दाखवू लागले, टायरवाले मोटारीकडे. भांडणाचा एक मुद्दा तर नुसत्या लिहिलेल्या आकड्याचा होता. मोटारीच्या कंपनीने हवेचा दाब २६ ठेवायला सांगितला होता. टायरची कंपनी म्हणू लागली की तो ३० हवा.

पण माझ्या मनात रुतून बसले ते वेगळेच. आपला टायर परत बोलावलेल्यांपैकी आहे की नाही, हे माणसाने ओळखायचे कसे? टायरवरच्या क्रमांकावरून. इलिनॉयमधल्या डिकेटर गावच्या ज्या कारखान्यावर मुख्य ठपका होता, त्याची खूण ‘व्ही डी’ ही दोन अक्षरे. आणि हा क्रमांक टायरच्या एकाच अंगावर असे. पुष्कळदा नेमका आतल्या, गाडीखालच्या अंगावर! डोळ्यांपुढे आणून पाहा : घरचा कर्ता माणूस हातात विजेरी घेऊन गाडीखाली सरपटतो आहे, आणि दोन अक्षरे काय निघतात यावर उद्याचा प्रवास ठरतो आहे. त्याच वर्षी नवा कायदा झाला आणि २००२ साली नियम आला, की पूर्ण क्रमांक दर्शनी बाजूवरच हवा.

आता चुकांचे काय? टायर साच्यात शिजतो. साच्याच्या पोलादात अक्षरे उलटी कोरलेली असतात, आणि आठवड्याच्या आकड्याची बारीकशी पट्टी दर आठवड्याला बदलायची असते. छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना पुढचे सांगायला नको. एक खिळा उलटा बसला की हजार प्रतींत तो उलटाच उमटणार. टायरांचेही तसेच होते. कधी आकडा उलटा बसतो, कधी आतल्या थरांची संख्या चुकते. पुस्तकाला निदान शुद्धिपत्र जोडता येते.

अमेरिकन कायद्याने यावर जो तोडगा काढला आहे, तो वाचून माझ्यातला परीक्षक खूष झाला. छापलेले आणि नियमातले जुळत नाही असे कंपनीला आढळले, की तिने स्वतः होऊन कामकाजाच्या ५ दिवसांत सरकारला कळवायचे. चूक निरुपद्रवी आहे असे तिचे म्हणणे असेल, तर ३० दिवसांत तसा अर्ज करायचा. अर्जाची सूचना राजपत्रात छापून येते. कोणीही त्यावर आपले मत द्यावे. मग सरकार निकाल देते. निकालाची कसोटी एकच : या चुकीमुळे गाडीत बसलेल्या माणसाचा धोका वाढतो का?

हे अर्ज म्हणजे माझ्या ओळखीचेच वाङ्मय निघाले. “बाई, फक्त एक वेलांटी चुकली हो!” असे म्हणत दरवर्षी किती मुले माझ्या टेबलाशी उभी राहतात! मी त्यांना विचारते, “शिर आणि शीर यांत किती फरक?” मुले म्हणतात, एका वेलांटीचा. शीर कापली तर डॉक्टर टाका घालू शकतो. शिर कापले तर डॉक्टरचे काम संपले. टायरवरही तेच. ८८ च्या जागी ९८ छापले, तर चुकला एक आकडा; पण कोष्टकात ९८ म्हणजे ७५० किलो. चाकामागे १९० किलोंचे खोटे आश्वासन! ते गाडीवानाला वाचता येते, टायरला येत नाही.

थरांच्या संख्येची चूक मात्र सरकार बहुधा पोटात घालते. टायर बाकीच्या सगळ्या कसोट्यांना उतरलेला असतो, आणि थर मोजून टायर घेणारे गिऱ्हाईक विरळा. पण अशा निकालांत आणखी एक विचार केलेला आढळतो, आणि त्याने मला थबकवले : जुन्या टायरची दुरुस्ती करणारे, त्यावर नवा थर चढवणारे, तो फाडून पुन्हा उपयोगात आणणारे जे कामगार असतात, त्यांना या चुकीने इजा होईल का? टायरच्या अंगात पोलादी तार आहे की नाही, हे त्यांना कळलेच पाहिजे.

हे वाचले तेव्हा मला आमच्या मंडईमागचे काका आठवले. ते टायरच्या वहाणा करतात. एकदा मी आमचा जुना टायर त्यांना देऊ केला होता. त्यांनी कडेला अंगठा फिरवला आणि मान हलवली. “बाई, ह्यात तार हाय. रापी मोडंल, न्हाय तर बोट जाईल. नायलॉनचा असंल तर आना.” टायरवर इंग्रजीत सगळे लिहिलेले होते, पण काकांना ते वाचता येत नव्हते. त्यांचे शिक्षण अंगठ्याने झालेले, आणि त्याची फी अंगठ्यावरच्या पांढऱ्या वणांत दिसत होती.

तेव्हापासून चुकीकडे पाहण्याची माझी दृष्टी थोडी बदलली आहे. चूक लहान की मोठी, हे ती करणाराने एकट्याने ठरवायचे नसते. लिहिलेले शेवटी कोणाच्या हाती पडणार, हे लिहिणाराला माहीतच नसते. म्हणून चूक क्षुल्लक असली तरी ती चारचौघांत सांगायची, आणि क्षुल्लक ठरवण्याचा अधिकार दुसऱ्याला द्यायचा. यात दंडापेक्षा सभ्यता अधिक आहे.

आपल्याकडेही कायदे अगदीच मुके नाहीत. २००९ च्या आदेशाने वाहनांच्या टायरांना आय.एस.आय.ची खूण सक्तीची झाली. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरता कामा नये, असा नियम आहे. तेवढी झीज झाली की खाचांतले बारीक उंचवटे पृष्ठभागाशी समपातळीत येतात, म्हणजे टायर स्वतःच ‘पुरे’ म्हणतो. आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार सरकारला मिळाला. पण राजपत्रातला कोणताही नियम दुकानात येऊन आपल्यासाठी खाली वाकत नाही. “लिहिलेलं कोण वाचतं?” या प्रश्नाला उत्तर देणारे गिऱ्हाईक समोर असावे लागते.

दसऱ्याला आपण गाडी धुतो, झेंडूचा हार घालतो, कुंकवाची बोटे उमटवतो आणि चाकाखाली लिंबू ठेवतो. लिंबू ठेवायला वाकावे लागतेच. यंदा आमच्या घरी ते काम मी धाकटीकडे दिले आणि सांगितले, वाकलीच आहेस तर चार आकडे मोठ्याने वाच. तिने चारही चाकांचे आकडे खणखणीत आवाजात वाचले. सासूबाईंनी हात जोडले. त्यांना तो मंत्रच वाटला असावा. आणि मीही त्यांचा समज दूर केला नाही.