टेम्पो चालवशील!

महापालिकेच्या शाळेत मी गणित आणि विज्ञान शिकवलं. गृहपाठ न करणाऱ्या मुलांसाठी माझं एक ठरलेलं वाक्य होतं : "असाच राहिलास तर टेम्पो चालवशील." समोर बसलेल्यांपैकी काहींचे वडील टेम्पोच चालवत होते. प्रवेशअर्ज मीच तपासलेले असायचे, त्यामुळे मला ते ठाऊक होतं. तरी मी बोलायचे.

मग आमच्या जावयांनी पगाराची नोकरी सोडली आणि मालाची व्हॅन घ्यायचं ठरवलं. तातडीचा माल पोचवायचं काम करणार म्हणाले. त्यांच्यासमोर मी गप्प राहिले. लेकीला मात्र म्हणाले, "ड्रायव्हरच्या घरी द्यायचं असतं तर तुला एवढं शिकवलं कशाला?" नातेवाइकांना मी सांगून टाकलं, जावई लॉजिस्टिक्समध्ये आहेत.

हे कुठून आलं, ते शोधायला फार लांब जावं लागलं नाही. आम्ही लालबागचे. बाबा गिरणीत साचे चालवायचे. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि बाबा पुन्हा खात्यात गेलेच नाहीत. ते दादरच्या भाजी मंडईत हातगाडी ओढू लागले. येता-जाता ते दिसले की मी पलीकडच्या फुटपाथने जायचे. माझी वह्या-पुस्तकं त्याच गाडीच्या पैशांतून येत होती. कायम नोकरी एका सकाळी हातची जाऊ शकते, हे मी घरात पाहिलं होतं. त्यातून मी शिकले काय, तर ओझं वाहणाऱ्या माणसाची लाज बाळगायला.

गाडी घेतानाही मी वाद घातला. घ्यायचीच तर छोटा हत्ती का नको? टाटांनी २००५ साली तो आणला तेव्हापासून गल्लीबोळात तोच दिसतो, मालही जास्त जातो. जावई म्हणाले, "आई, मला जास्त माल न्यायचाच नाही." प्रिन्सेस स्ट्रीट, गिरगावच्या सर्जिकलवाल्यांकडून परळच्या हॉस्पिटलांत जाणारे ऑपरेशनचे सेट, छापखान्यातून रात्री निघणारं काम, बंद पडलेल्या मशीनचा एखादा सुटा भाग. एका खेपेला एकाच गिऱ्हाइकाचा माल, मध्ये कुठे थांबायचं नाही, दुसऱ्याचं काही भरायचं नाही. गाडी निम्मी रिकामी गेली तरी चालेल, कारण भाडं वेळेचं आहे. त्यात चार महिने पाऊस आणि हिंदमाताला तुंबणारं पाणी. ताडपत्रीखालचा खोका भिजला तर पुढचं काम मिळत नाही. म्हणून बंद पत्र्याची इको व्हॅन.

कागदपत्रांचंही मला काही माहीत नव्हतं. एकूण वजन ३,००० किलोच्या आत असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही. पिवळी पाटी, मालवाहतुकीचा विमा आणि फिटनेस मात्र लागतोच; फिटनेस पहिली ८ वर्षं दर २ वर्षांनी, पुढे दरवर्षी. साध्या एलएमव्ही लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ला शिक्कामोर्तब केलं. पेपर मी रोज वाचते. ही बातमी माझ्यासमोरून गेली असणार, पण ती आपल्या कामाची नाही असं मी धरलं असणार.

गाडी आली त्याच आठवड्यात जावई दारात येऊन म्हणाले, "आई, तुमच्याकडे खडू आहे का?"

निवृत्तीनंतरही डबाभर खडू घरात होते. एक घेऊन मी खाली गेले. मागचा दरवाजा वर उचललेला. तळाला १२ मिलिमीटरचा प्लाय, कडेने नीट तासलेला. दोन्ही बाजूंना दारूखान्याच्या लोखंड बाजारातून आणलेल्या पट्ट्या बोल्टने आवळलेल्या, त्यांना पट्टे अडकवायला कड्या. चालकाच्या सीटमागे जाळी, कारण ब्रेक मारला की खोका पुढे येतो. रबराची मॅट अजून गुंडाळलेलीच होती. त्यांनी प्लायवर एका कोपऱ्यात आकडे मांडले : गाडीला मंजूर असलेलं एकूण वजन, त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा, स्वतःचं वजन वजा, प्लाय, पट्ट्या, जाळी, ट्रॉली वजा. उरेल तेवढाच माल. मग टेपने मोजून त्यांनी या कडेपासून त्या कडेपर्यंत एक रेघ ओढली.

"ही मागच्या ॲक्सलची. जड खोका हिच्या पुढेच ठेवायचा. मागे गेला की गाडीचं नाक वर होतं, पुढची चाकं हलकी पडतात, स्टिअरिंग ऐकत नाही."

"टेकू," मी नकळत म्हणाले.

"हो, तरफच आहे ही."

वर्षानुवर्षं मी फळ्यावर एक त्रिकोण काढला, त्यावर आडवी रेघ मारली आणि बल, भार, टेकू अशी नावं दिली. उदाहरण म्हणून सीसॉ आणि अडकित्ता लिहिलं की पूर्ण मार्क. या तरफेवर कुणाचा तरी जीव तोललेला असतो, हे मी एकाही वर्गात सांगितलं नाही, कारण मलाच ते सुचलं नव्हतं. ज्या कामाची भीती घालून मी मुलांकडून हा धडा पाठ करून घेत होते, त्याच कामात तो रोज लागत होता. वर्गातल्या काहींच्या घरी या तरफेचा जाणकार होता. एकालाही मी शाळेत बोलावलं नाही. उलट त्याच्या मुलासमोर त्याच्या कामाची शिक्षा करून टाकली.

मी वाकून ती वजाबाकी तपासली. बरोबर होती. मग त्यांनी मॅट अंथरली, आकडे झाकले गेले, आणि मी बराच वेळ तिथेच मागच्या बंपरला टेकून उभी राहिले. वर जायची हिंमत होत नव्हती, कारण वर लेक होती.

रात्री तिला सांगितलं, तुझ्या नवऱ्याबद्दल मी बोलले ते वाईट बोलले. ती म्हणाली, "आजोबांबद्दलही." तिला हातगाडीची गोष्ट ठाऊक होती. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. गावी चुलतभावांना मात्र फोन केला. सांगितलं, जावई मालाची गाडी चालवतात, गाडी त्यांची स्वतःची आहे.

हिशेबाची वही आता मी लिहिते. हप्ता, इंधन, आणि टायर-विमा-फिटनेससाठी दरमहा बाजूला काढायची रक्कम. एका गोष्टीवर आमचं जमत नाही. रात्रीचं काम झाल्यावर झोप पुरी झाल्याशिवाय सकाळचं घ्यायचं नाही, असं माझं म्हणणं. ते म्हणतात, दोनदा नाही म्हटलं की गिऱ्हाईक दुसरी गाडी शोधतं. ते खरंच आहे. म्हणून नुसत्या दिवसाच्या कामांवर हप्ता निघेल का, हे मी गेल्या काही महिन्यांच्या नोंदींवरून काढते आहे. थोडे पैसे कमी पडताहेत. ते माझ्या पेन्शनमधून घ्या म्हटलं, तर त्याला ते तयार नाहीत.