पितळखोऱ्याच्या वाटेवरची मुळे

चाळीसगावहून पाटणादेवीला जावे आणि तेथून डोंगर चढून पितळखोऱ्याची बौद्ध लेणी पाहावीत. ही वाट १९८६ साली जाहीर झालेल्या गौताळा-औट्रमघाट अभयारण्यातून जाते. दिवाळीच्या सुटीत आम्ही शाखेची पाच कुटुंबे लेकराबाळांसह गेलो. एका ओहोळाने काठ खचवला होता आणि अंजनाची मुळे उघडी पडली होती. पोरे तिथेच थांबली.

अंजन हे खानदेशचे झाड. त्याचे रोप सुरुवातीला वर वाढायचे नाव घेत नाही. आधी मूळ खोल जाते, खडकाच्या फटीत शिरते. झाड हवेतला कार्बन वायू घेऊन अन्न करते आणि त्यातला मोठा वाटा मुळांना देते. केसासारखी बारीक मुळे मरत राहतात, नवी फुटतात. मुळांतून पाझरणाऱ्या रसावर बुरशी, जिवाणू जगतात. या साऱ्यांचे मेलेले अंश चिकणमातीच्या कणांना बिलगले की तो कार्बन शेकडो वर्षे तेथे टिकू शकतो. वरचा पाला मात्र वणव्यात एका दुपारी हवेत परत जातो.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात देशाच्या जंगलांतला कार्बन ७,२०४ दशलक्ष टन दाखवला आहे. त्यातला निम्म्याहून अधिक मातीत आहे.

जंगल संपल्याचे खापर मात्र मोळी आणणाऱ्या बाईवर फुटते. आम्हाला हे पटत नाही. वाळक्या काटक्या वेचल्याने मूळ उखडत नाही. जेसीबीने बुंध्यासकट जमीन उलथली की मातीतला साठा कुजून वायू होतो. मग दहा रोपे लावून फोटो काढतात! गेलेला साठा भरायला कित्येक दशके लागतात. त्याच वायूने हवा तापते. आणि जळगावचा पारा ४५ वर जातो तेव्हा केळीचे घड वाहणारा, स्लॅब टाकणारा आपलाच माणूस उन्हात असतो.

भिक्खूने जमीन खणू नये, झाडझाडोरा तोडू नये, असे दोन नियम विनयात एकापाठोपाठ आहेत. लेण्यांपुढे बसून ते मुलांना सांगितले, तेव्हा एकीने विचारले, "मग लेणी कशी खोदली?" खडक कोरणारे कारागीर होते, भिक्खू नव्हेत. येथल्या यक्षमूर्तीवर कण्हदास या सोनाराचे नाव कोरलेले आहे. ती मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

जाणाऱ्यांनी पाणी बरोबर न्यावे. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात.