मंद गतीतला झटका

चि. भाच्यास, मु. पो. तलमडुगु, जि. आदिलाबाद.

मोठ्या रस्त्यावर बिनतक्रार धावणारी अबार्थ पुन्टो गावात मात्र, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ताशी दहा-वीस किलोमीटरच्या चालीला, झटके मारते, या तक्रारीची तपासणी कोणत्या क्रमाने व्हावी याचा विचार या पत्रात केला आहे. कापसाच्या हंगामात तलमडुगूहून आदिलाबादच्या मार्केट यार्डाकडे जाताना कापसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या मागे राहण्यावाचून गत्यंतर नसते, आणि तेवढा वेळ ॲक्सलरेटर जेमतेम दाबला जातो, सोडला जातो, पुन्हा दाबला जातो. दोष उघडा पडतो तो नेमका याच अवस्थेत. नागपूर-हैदराबाद हायवेवर तो दडून राहत असल्याने, मेकॅनिकने हायवेवर चक्कर मारून गाडी ठीक असल्याचा निर्वाळा देणे ही अपुरी परीक्षा होय.

पुण्याजवळ रांजणगावला तयार झालेली ही गाडी २०१५ च्या ऑक्टोबरात बाजारात आली. तिचे १.४ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणाऱ्या पंख्याने आत जादा हवा कोंबणारे इंजिन, १४५ अश्वशक्ती आणि २१२ न्यूटन-मीटर टॉर्क देते. टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. पहिल्या गिअरमध्ये हा जोर चाकांपर्यंत पोहोचताना अनेक पटींनी वाढतो आणि त्याच्याबरोबर त्यातला प्रत्येक लहानसा चढउतारही तितक्याच पटींनी वाढतो, त्यामुळे पाचव्या गिअरमध्ये जाणवणारही नाही अशी चूक पहिल्यात मानेला हिसका देऊन जाते. यातला काही भाग ताकदवान गाडीच्या स्वभावाचाच असतो, हे आधी मान्य केले पाहिजे. शिवाय अशा गाड्यांची आखणी पुष्कळदा अशी असते की पेडल थोडे दाबताच हवेची झडप त्याहून बरीच जास्त उघडते, म्हणजे चालकाला गाडी चपळ वाटते. ही चपळाई गर्दीत अंगाशी येते.

या पेडलला आता तार नसते. पेडलपाशी दोन सेन्सर बसवलेले असतात आणि ते पायाची जागा गाडीतल्या संगणकाला कळवतात; संगणक किती टॉर्क हवा हे ठरवतो आणि थ्रॉटल बॉडीतली, म्हणजे हवेच्या वाटेवरची, गोल झडप छोट्या मोटरने फिरवतो. दोन सेन्सर अशासाठी की एकाने खोटे सांगितले तर दुसऱ्याशी ताडून पाहता यावे. झडप जवळजवळ बंद असताना एकदोन अंशांच्या हालचालीनेही आत जाणाऱ्या हवेचे प्रमाण खूप बदलते, आणि तिच्या कडेला काजळीचा थर साचला असेल तर हे प्रमाण संगणकाच्या हिशेबाशी जुळेनासे होते. म्हणून थ्रॉटल बॉडी साफ करणे हा गॅरेजमधला पहिला उपाय योग्यच आहे, फक्त साफ केल्यानंतर झडपेची बंद स्थिती संगणकाला स्कॅनरवरून पुन्हा शिकवावी लागते. हे शिकवणे राहून गेले तर गाडी साफसफाईनंतर आधीपेक्षा जास्त बिघडल्यासारखी वागते आणि निष्कारण नव्या थ्रॉटल बॉडीचा खर्च माथी येतो.

आपल्याकडे २०१३ पासून पेट्रोल गाड्यांना ओबीडी-२ ही निदानपद्धती सक्तीची झाली, त्यामुळे या गाडीच्या डॅशबोर्डखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला साधा स्कॅनरही लागतो. दुर्दैवाने बहुतेक ठिकाणी स्कॅनर लावून फक्त कोड वाचला जातो आणि कोड नसेल तर दोष नाही असे मानले जाते. मंद गतीतला झटका बहुधा कोड टाकतच नाही. त्याचा माग चालत्या गाडीतल्या आकड्यांवरूनच लागतो, म्हणून एकाने गाडी झटका येईल अशी चालवावी आणि शेजारी बसलेल्याने आकडे नोंदवावेत. पाय स्थिर असताना पेडलची टक्केवारी उडी मारत असेल तर दोष पेडलच्या सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये असतो. पेडल सुरळीत असून, संगणकाने मागितलेले झडपेचे उघडणे आणि प्रत्यक्षातले उघडणे यांत फरक पडत असेल तर थ्रॉटल बॉडीकडे वळावे. दोन्ही जुळत असतील तर हवा-इंधनाचे मिश्रण आणि ठिणगी यांची पाळी येते, आणि तेथेही सर्व ठीक दिसले तरच लोखंडाकडे, म्हणजे माउंटिंग, ॲक्सल आणि क्लच यांच्याकडे जावे. सुटे भाग एकामागून एक बदलत जाण्याची पद्धत मालकाला लुबाडते आणि मेकॅनिकला काहीच शिकवत नाही.

मिश्रणाच्या बाबतीत आजच्या पेट्रोलचा विचार वेगळा करावा लागतो. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला पूर्ण जळण्यासाठी शुद्ध पेट्रोलपेक्षा कमी हवा पुरते, म्हणजेच तेवढ्याच हवेसाठी सुमारे आठ-नऊ टक्के जास्त इंधन सोडावे लागते. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर ही तूट ओळखतो आणि संगणक इंधन वाढवतो. या दुरुस्तीच्या टक्केवारीला फ्युएल ट्रिम म्हणतात. ट्रिम वाढलेली दिसताच हवेची गळती शोधत सुटणे बरोबर नाही. गाडी उभी असताना ट्रिम जास्त आणि रेस वाढवताच कमी होत असेल तर झडपेनंतरच्या एखाद्या फाटक्या पाइपातून हवा आत शिरत आहे असे समजावे. ती सर्व वेगांना सारखीच वाढलेली असेल तर संशय इंधनावर किंवा इंधनाच्या दाबावर धरावा. ठिणगीच्या बाबतीत, टर्बो इंजिनात झिजलेल्या प्लगमधले वाढलेले अंतर लवकर नडते, आणि ज्याला गॅरेजमध्ये मिसिंग म्हणतात ते सुरू होते.

आणखी एक झटका असा आहे की जो दोष नसून व्यवस्थाच असते. गिअरमध्ये असताना पाय पूर्ण उचलला की संगणक इंधन बंद करतो आणि फेरे ठरावीक मर्यादेखाली उतरले की ते पुन्हा सुरू करतो. या क्षणी इंजिन ओढले जाण्याऐवजी ओढू लागते, आणि गिअर, ॲक्सल व माउंटिंग यांतली सगळी ढिलाई एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला आपटते. नव्या गाडीत हा बदल जाणवत नाही. इंजिनाचे डुलणे रोखणारे खालचे रबरी माउंटिंग चिरले असेल तर तोच बदल धक्का होतो. हे पाहण्यासाठी बॉनेट उघडून, गाडीसमोर कोणी उभे नाही याची खात्री करून, हँडब्रेक लावून आणि ब्रेक दाबून, पहिल्या गिअरवर आणि मग रिव्हर्सवर क्लच किंचित सोडावा व इंजिन किती उचलले जाते ते दुसऱ्याने बाजूने पाहावे. झटका फक्त हाफ क्लचवरच येत असेल आणि क्लच पूर्ण सोडल्यावर थांबत असेल, तर मात्र वरची सगळी तपासणी बाजूला ठेवून क्लच प्लेट पाहावी.

आधीच्या मालकाने संगणकाचा प्रोग्राम बदलून घेतला असल्यास, किंवा पेडलच्या वायरीत प्रतिसाद तीव्र करणारा डबा बसवला असल्यास, तो आधी काढून गाडी कंपनीच्या मूळ स्थितीत आणावी. तोपर्यंत नोंदवलेल्या कोणत्याही आकड्याला अर्थ राहत नाही. गाडी जुनी घेतलेली असल्याने या तपासणीची सुरुवात तेथूनच व्हावी, आणि नोंदी थंड इंजिनावर एकदा व तापलेल्या इंजिनावर एकदा अशा वेगळ्या ठेवून पुढच्या पत्रासोबत पाठवाव्यात.



मामा