अतारांकित

लोकसभेत आमच्या साहेबांची जागा पार मागे होती. पक्ष लहान, खासदारकीची पहिलीच टर्म, त्यामुळे टीव्हीच्या कॅमेऱ्यात ते क्वचितच यायचे. मी त्यांचा स्वीय सहायक. अधिवेशन जाहीर झालं की माझं मुख्य काम प्रश्न लिहिण्याचं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, खासदार उभा राहतो आणि विचारतो. प्रत्यक्षात किमान पंधरा दिवस आधी लेखी सूचना द्यावी लागते. एका सदस्याला एका दिवसासाठी पाचच सूचना देता येतात, आणि त्यांतून कोणाची लागेल हे बॅलटमध्ये ठरतं. दिवसाला 20 तारांकित, म्हणजे मंत्र्यांनी तोंडी उत्तर द्यायचे प्रश्न, आणि 230 अतारांकित, ज्यांचं उत्तर फक्त लेखी मिळतं. अकरा ते बाराच्या तासात वीसपैकी पाच-सहाच प्रश्न पुकारले जातात. आमच्या वाट्याला बहुतेक वेळा अतारांकितच यायचे. दिल्लीत नवा होतो तेव्हा मला त्याचं वाईट वाटायचं.

मतदारसंघात बंद पडलेल्या साखर कारखान्याचे निवृत्त कामगार दर महिन्याला कार्यालयात येत. त्यांची पेन्शन 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेतली. तिची किमान रक्कम सप्टेंबर 2014 पासून हजार रुपये झाली. पण काहींच्या पासबुकात हजारही दिसत नव्हते. त्यांच्यातल्या एका काकांनी साहेबांकडे दोन पानी प्रश्न लिहून दिला. सरकारला लाज वाटते का, इथून त्याची सुरुवात होती.

असा प्रश्न दाखल होत नाही. दीडशे शब्दांची मर्यादा असते; शिवाय त्यात युक्तिवाद, अनुमान, उपरोध, दोषारोप चालत नाहीत. साहेबांनी तो कागद शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाले, "काका, हा राग माझ्या भाषणासाठी ठेवू. प्रश्नात आपण आकडा मागू."

मग आम्ही रात्री बसून तो पुन्हा लिहिला. शासनाला याची जाणीव आहे काय, असं विचारलं की "नाही" असं उत्तर येऊ शकतं, आणि पुढच्या सगळ्या पोटप्रश्नांना "प्रश्न उद्भवत नाही" एवढंच. म्हणून आम्ही विचारलं: हजार रुपयांपेक्षा कमी पेन्शन घेणारे किती, राज्यवार तपशील द्या, कमी मिळण्याची कारणं कोणती, किमान रक्कम वाढवण्याचा प्रस्ताव अर्थ मंत्रालयाकडे कधी गेला आणि त्याचं काय झालं. यातल्या एकालाही "उद्भवत नाही" म्हणून टाळता येत नव्हतं.

प्रश्न अतारांकित यादीत लागला. उत्तर आलं तेव्हा सभागृहात कोणी बाक वाजवला नाही, कुठल्या वर्तमानपत्रात ओळ आली नाही. पण काकांनी त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि कामगारांच्या बैठकीत एकेक कारण मोठ्याने वाचून घेतलं. काहींना तिथे पहिल्यांदा समजलं की वयाच्या 58 च्या आधी पेन्शन सुरू केली तर दर वर्षामागे 4 टक्के कपात होते, आणि आपली रक्कम कमी का हे त्यातून उलगडलं. बाकीच्यांच्या हाती मंत्र्यांच्या नावाने आलेला कागद होता. अर्जाला तो जोडता येतो. भाषणाच्या टाळ्या अर्जाला जोडता येत नाहीत.

म्हणून भाषणं कमी मोलाची, असं मी म्हणणार नाही. मागच्या बाकावरून काय होऊ शकतं याचं सर्वांत मोठं उदाहरण भाषणाचंच आहे. डिसेंबर 1957 मध्ये फिरोज गांधी सत्ताधारी काँग्रेसचे साधे सदस्य होते, मंत्री नव्हते. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडांच्या कंपन्यांचे सव्वा कोटी रुपयांच्या आसपासचे शेअर का घेतले, हे त्यांनी आपल्याच सरकारला विचारलं. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत उघड चौकशी केली आणि 1958 च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. त्या भाषणामागे आकड्यांची केवढी तयारी असेल, याचा मला प्रश्न लिहिताना नेहमी आदर वाटत आला.

आमच्या वाट्याला भाषणाची मिनिटं दोन-तीनच यायची. वेळ पक्षाच्या संख्याबळावर वाटला जातो. जुलै 2019 मध्ये रेल्वेच्या मागण्यांवरची चर्चा जवळजवळ मध्यरात्रीपर्यंत चालली, तेव्हा साहेबांचा नंबर रात्री दहानंतर लागला. दुभाष्यासाठी आधी कळवून ठेवलं होतं, त्यामुळे ते मराठीत बोलले. घंटा वाजली तेव्हा फाटकापाशी अडकणाऱ्या शाळकरी मुलांचा मुद्दा नुकताच मांडून झाला होता. दमलेल्या सभागृहात तो ऐकला गेला, आणि तो कार्यवृत्तात आहे.

सप्टेंबर 2020 च्या अधिवेशनात कोविडमुळे प्रश्नोत्तराचा तासच नव्हता. राहिले ते अतारांकित प्रश्न. त्या दिवसांत सरकारकडून उत्तर मिळवण्याचा आमच्यासारख्यांचा तेवढा एक नियमित मार्ग उरला होता, आणि तो आम्ही पुरेपूर वापरला.

"माहिती गोळा केली जात आहे", असं उत्तर आलं की पूर्वी मी चिडायचो. मग एका जुन्या सहायकाने दाखवलं की ते आश्वासन धरलं जातं, ते तीन महिन्यांत पुरं करावं लागतं आणि शासकीय आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. त्यानंतर अशा उत्तरांची मी वेगळी वही ठेवली. मुदत उलटली की समितीला पत्र, पुढच्या अधिवेशनात तोच विषय नव्या शब्दांत.

मी ते काम सोडलं तेव्हाही किमान पेन्शन हजारच रुपये होती. काकांनी तेव्हा पुढच्या अधिवेशनाच्या तारखा विचारल्या. ती वही, पेन्शनचा पुढचा मसुदा आतच ठेवून, मी माझ्या जागी आलेल्या मुलीच्या हाती दिली.