पाकिटाची मागची बाजू

माझ्या पर्समध्ये एकवेळ लिपस्टिक नसेल, पण भिंग असतंच. हो, खरंच! शाळेत उन्हात कागद जाळायला वापरायचो ना, तसलं भिंग. सुपरमार्केटमध्ये मी पाकीट उचलते, उलटं करते आणि मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांतली घटकांची यादी वाचत बसते. मागे ट्रॉली घेऊन उभे असलेले काका वैतागतात. त्यांना वाटतं, ही फूड इन्स्पेक्टर असावी!

कारण सांगते. २०२२ च्या पावसाळ्यात मला सीलिअॅक डिसीज असल्याचं कळलं. त्याआधी दोन वर्षं सतत थकवा, फुगलेलं पोट आणि गोळ्या घेऊनही वर न सरकणारं हिमोग्लोबिन. सगळ्यांचं निदान एकच, ‘बाहेरचं खाणं कमी कर.’ मग रक्ताची तपासणी झाली, एन्डोस्कोपी झाली आणि डॉक्टर म्हणाले, गहू बंद. किती दिवस? आयुष्यभर! गहू, जव, राय यांतलं ग्लुटेन पोटात गेलं की माझीच प्रतिकारशक्ती माझ्या लहान आतड्यावर हल्ला करते. यावर गोळी नाही. पथ्य हेच औषध.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, पोळीऐवजी भाकरी खा! मलाही तसंच वाटलं होतं. पण गहू लपून बसण्यात एकदम एक्स्पर्ट. डबीतला हिंग घ्या. तो नुसता हिंग नसतोच, त्यात बऱ्याचदा मैदा असतो. म्हणजे साधं वरणसुद्धा गेलं. सोया सॉसमध्ये गहू. कॉर्नफ्लेक्स मक्याचे, पण चवीला बार्ली माल्ट. थालीपिठाच्या भाजणीतही गहू. ज्वारी बिचारी निर्दोष, पण गिरणीत माझ्या आधी कुणाचे गहू दळले असतील तर? आपल्याकडे ‘ज्वारीवर ज्वारी दळा’ असं बजावतात, पण माझं त्यावर भागत नाही. ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, असा आपल्याकडचा नियम आहे. गिरणीत उडणारं पीठ आठवा आणि हिशेब करा. शेवटी घरघंटी घेतली.

पथ्य जमलं. बाकीचं जमेना. शुक्रवारचा टीम लंच, कुणाच्या तरी बर्थडेचा केक, ‘एक घासाने काय होतंय गं?’ दर वेळी तेच लेक्चर द्यायचं. आई सांगलीहून आली, सवयीने पुरणपोळ्या केल्या आणि पहिली पोळी माझ्या ताटात वाढता वाढता थांबली. काही बोलली नाही. किचनमध्ये जाऊन भात लावला. त्यानंतर मी आमंत्रणंच टाळायला लागले. दुपारी डेस्कवर एकटीने डबा, रात्री वन बीएचकेचं कुलूप उघडलं की आत काळोख.

म्हणून ठरवलं, कुत्रा पाळायचा. छोटासा, घरात मावेल असा. आणि तो पगच! २००३ साली टीव्हीवर हचची जाहिरात लागली की त्या मुलामागे चालणारा पग बघायला मी जेवण सोडून धावायची. तेव्हापासूनचं स्वप्न.

ओळखीच्या पशुवैद्यांकडे गेले. त्यांनी चहाबरोबर बिस्कीट पुढे केलं. मी नको म्हटलं, कारण सांगितलं, भिंगही दाखवलं. ते हसले. ‘‘बिस्कीट मागची बाजू वाचून घेता, मग कुत्रा पुढची बाजू बघून का घेताय?’’

मग त्यांनी एकेकाची मागची बाजू वाचून दाखवली. पगचं नाक चपटं, श्वासाची वाट अरुंद. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. ज्याला धापच नीट टाकता येत नाही, त्याचे एप्रिल-मेमध्ये हाल. आपल्याला क्यूट वाटणारं ते घोरणं म्हणजे त्याची धडपड असते. शिह त्झूचंही नाक चपटं, वर रोज केस विंचरा. डॅक्सहुंडची पाठ लांब, सोफ्यावरून उड्या आणि जिने चढउतार तिला बाधतात. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचं! बीगल दिसायला छोटा, पण मूळचा शिकारी. दिवसभर कोंडलात तर रडून सोसायटी गोळा करील. उरला स्पिट्झ, ‘हम आपके हैं कौन’मधल्या टफीसारखा. आपल्या हवेत रुळलेला, काटक. पण भुंकतो आणि केस गाळतो.

‘‘आणि पिल्लूच कशाला?’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘तुम्ही नऊ तास ऑफिसात. त्याला बघणार कोण?’’

त्यांच्याकडे येणाऱ्या एक आजी मुलीकडे दुसऱ्या गावी राहायला निघाल्या होत्या. तिथे कुत्रा चालणार नव्हता. सात वर्षांचा स्पिट्झ, नाव बंड्या. आजींनी त्याची चादर, वाटी आणि सूचना माझ्या हवाली केल्या. ‘‘सकाळी दुधात पोळी दे हो. घरातली शेवटची पोळी त्याचीच असते.’’

झाली पंचाईत! माझ्या घरात पोळीच नाही. कुत्र्यांच्या बिस्किटांतही बहुधा गहू, आणि हा पठ्ठ्या तोंड चाटणार. डॉक्टर म्हणाले, हात लागून काही होत नाही, पोटात जायला नको. हात धुवा, नाहीतर त्यालाही बिनगव्हाचं द्या. पुन्हा भिंग बाहेर! आता फ्रिजवर दोन याद्या आहेत. माझी जुनीच. त्याची नवी : कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे आणि शुगरफ्री च्युइंगगममधलं झायलिटॉल, सगळं बंद.

पहिले दोन दिवस बंड्या दाराशी बसून होता. आजींची वाट बघत. वाटीला तोंड लावेना. मी काय समजावणार? नेहमीचं ताट अचानक गेलं की कसं वाटतं, ते मला पुरेपूर माहीत होतं. तिसऱ्या रात्री मी ताट घेऊन त्याच्याजवळ फरशीवर बसले. गरम भाकरी, दही. एक तुकडा त्याच्यापुढे ठेवला आणि मुकाट जेवत राहिले. बऱ्याच वेळाने तो उठला, तुकडा हुंगला, खाल्ला. मग माझ्या ताटाकडे बघत बसला. कित्येक महिन्यांनी मी कुणाबरोबर तरी जेवत होते.

आई दिवाळीला आली तेव्हा भाकऱ्या थापून झाल्यावर म्हणाली, ‘‘ही शेवटची याची.’’ तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आता टीम लंच महिन्यातून एकदा माझ्याकडे असतो. मला बाहेर जाता येत नाही, तर लोकांनी आत यावं, इतका साधा फंडा मला आधी सुचला नव्हता! परवा एक सहकारी येताना चिवड्याचं पाकीट घेऊन आला. दारातच थांबला, पाकीट उलटं केलं, डोळे बारीक करून वाचायला लागला.

‘‘हिंग लिहिलाय गं यात,’’ तो म्हणाला. ‘‘आणि बेदाणेपण आहेत. तुम्हा दोघांनाही चालणार नाही!’’