शेजाराचे त्रेचाळीस नियम

आमच्याकडं ऊस लावला की तोडीला यायला वर्षभर लागतं, आडसाली असेल तर दीड वर्ष. 'हे डे' नावाच्या मोबाईलवरच्या खेळात तो अर्ध्या तासात तयार होतो. गहू दोन मिनिटांत, मका पाच मिनिटांत. मजुरांची वाट बघणं नाही, कारखान्याची तोडचिठ्ठी नाही, पावसाची काळजी नाही. लेकीनं हा खेळ माझ्या फोनवर घालून दिला तेव्हा आमचे हे चष्म्यावरून बघत म्हणाले, "आता खऱ्या शेतावर नाही आलीस तरी चालंल."

खेळ फिनलंडमधल्या सुपरसेल कंपनीचा, २०१२ सालचा. आपल्याला एक शेत मिळतं. पेरायचं, कापायचं, कोंबड्या-गाई सांभाळायच्या, दुधाचं लोणी-चीज करायचं, मालाची गाडी भरून पाठवायची. कोठार भरलं की वाढवायला बोल्ट, फळ्या आणि चिकटपट्टी लागते आणि त्या तिन्ही वस्तू हव्या तेव्हा मिळत नाहीत. संसार अगदी खरा वाटतो तो इथंच.

एकट्यानं खेळलं तर हा खेळ शांत. पण त्यात 'शेजार' नावाची सोय आहे. जास्तीत जास्त तीस जणांनी एकत्र यायचं, एकमेकांना नडीला धान्य-सामान द्यायचं. दर मंगळवारी या शेजारांची शर्यत सुरू होते, तिला डर्बी म्हणतात. एका फळ्यावर कामं लावलेली असतात, प्रत्येकाला ठरावीक संख्येनं ती घेता येतात. वेळेत झालं तर गुण, नाही झालं तर ते काम वाया. सगळ्यांचे गुण मिळून शेजाराचा नंबर लागतो. लेक अशा एका शेजारात तीन वर्षं होती. नोकरी बदलली, तिला वेळ मिळेना, तर म्हणाली, "माझ्या जागी तू जा. मराठी माणसं आहेत, गप्पा होतील."

गप्पा व्हायच्या आधी नियम आले. सहा पानं, त्रेचाळीस कलमं. वाचून झाल्यावर 'वाचलं' असं लिहून पाठवायचं आणि मग पंधरा दिवस उमेदवारी. मी बी.ए.ला असताना आम्हाला राज्यशास्त्राच्या पेपरात घटनेची मूलभूत कर्तव्यं होती, ती तेव्हा दहा होती.

काही नियम सरळ होते. ३२० गुणांपेक्षा कमी गुणांचं काम घ्यायचं नाही, हा बहुतेक शेजारांत असतोच, कारण कामं मोजकी मिळतात आणि हलकं काम घेतलं की सगळ्यांचा नंबर घसरतो. शर्यतीत उतरायचं नसेल तर आधी तसं बटण दाबून बाजूला व्हायचं, हेही रास्त. पण पुढं पुढं वाचत गेले तसं मला हसू आवरेना. बाजूला व्हायचं कारण सोमवारी रात्री नऊच्या आत लेखी द्यायचं. कुणी मदत मागितली आणि आपल्याकडं ती वस्तू असली तर तासाभरात दिलीच पाहिजे. अंगठ्याची खूण म्हणजे 'वाचलं', जोडलेले हात म्हणजे 'मान्य', दोन्ही एकदम टाकायची नाहीत. सुप्रभात, सणाच्या शुभेच्छा आणि नातवंडांचे फोटो फक्त रविवारी. अडतिसावा नियम असा की नियमांबद्दल गटात चर्चा करू नये. आणि त्रेचाळिसावा, वरीलपैकी कुठलाही नियम कधीही बदलू शकतो.

माझी पहिली अडचण मात्र नियम करणाऱ्यांना सुचलीच नव्हती. या खेळात डुकरं पाळता येतात आणि ती बेकन देतात. मी डुकरं घेतली नाहीत. तेव्हा 'पूर्ण शेत नाही' म्हणून माझ्या नावापुढं तांबडी खूण लागली. शेजारप्रमुखाचा निरोप आला, "काकू, डुक्कर मरत नाही. फक्त बारीक होतं." खरं आहे ते. खेळातलं डुक्कर खाऊन गोल होतं, बेकन काढून घेतलं की सडपातळ होऊन परत हिंडायला लागतं. कुणाला इजा नाही. पण आमच्यात यशोधर राजाची गोष्ट लहानपणीच कानावर पडते. जिवंत बळी नको म्हणून त्यानं पिठाचा कोंबडा करून बळी दिला आणि तेवढ्या संकल्पापायी तो नि त्याची आई जन्मोजन्मी पशुयोनीत फिरले. जन्न कवीनं कन्नडमध्ये ती लिहिली आहे. आमच्या आजीला कन्नड-मराठी दोन्हींत पाठ होती. पिठाच्या कोंबड्याची कथा ऐकून वाढलेल्या बाईनं चित्रातलं बेकन काढावं का, याचं उत्तर त्रेचाळीस कलमांत कुठून असणार? (अंडी मी खेळात गोळा करते. बटाटे, गाजरंही लावते. माझ्या जाऊबाईंनी यावर बोट ठेवलंच. मी म्हटलं, माझी रेघ इथं आहे, तुमची तुम्ही ओढा.)

आता 'नियम' हा शब्द आमच्या घरात रोजचा. पण आमच्याकडं नियम असतो तो घेतात. करत नाहीत, लावत नाहीत, घेतात. चातुर्मासात महाराज गावात आले की बस्तीत श्रीफळ ठेवून बायका नियम घेतात. कुणी चार महिने हिरवी भाजी सोडते, कुणी दशलक्षणाचे दहा दिवस एकभुक्त राहते, कुणी अष्टमी-चतुर्दशीपुरतं काही ठरवते. समंतभद्रांच्या 'रत्नकरंड श्रावकाचारा'त तर फरकच सांगितला आहे. ठरावीक मुदतीपुरता त्याग तो नियम, जन्मभराचा तो यम. मुदत हा नियमाचा जीव. चार महिने संपले की नियम संपतो, मग परत घ्यायचा की नाही ते तुझं तू बघ. शेजारच्या बाईनं काय सोडलंय याची चौकशी करायची नसते.

हे लिहिताना मला आमच्या वाड्यातल्या बायका आठवतात आणि त्या हसतात. कारण चौकशी होतेच की. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा नियम घ्यायला शिल्लकच नव्हते, सगळे आधीच घेऊन ठेवलेले होते. सूर्य मावळायच्या आत जेवण, गाळलेलं पाणी, कंदमूळ नाही, हे माहेरीही होतं, त्याचं काही वाटलं नाही. पण त्याच्या पुढं आणखी एक थर होता, जो कुठल्याच ग्रंथात नाही. कोपऱ्यातल्या पितळी घागरीनं पाणी भरायचं नाही. का, ते कुणी सांगेना. मी सहा वर्षं ती घागर राखेनं घासली आणि पालथी ठेवली. मग एकदा आत्या राहायला आल्या, म्हणाल्या, "अगं, तिला चीर होती. कल्हईवाल्याकडं पाठवून भरून आणली तुझ्या सासऱ्यांनी, तुझ्या लग्नाच्या आधीच." चीर गेली होती, नियम राहिला होता.

शेजारात आमच्याबरोबर एक नर्स होती. कोल्हापूरकडची, बोलायला गोड, रात्रपाळी संपवून सकाळी गहू पेरणारी. एका शनिवारी तिनं काम घेतलं आणि बदलीची बाई आली नाही म्हणून तिची पाळी लांबली. फोन कपाटात. वेळ संपली, काम वाया. चौदावा नियम, घेतलेलं काम अर्धवट सोडल्यास शेजारातून नाव कमी. रविवारी दुपारी तिचं नाव गेलं. तिनं कारण लिहिलं होतं, पण कारण सोमवारी रात्री नऊपर्यंत आगाऊ द्यायचं असतं.

अडतिसाव्या नियमामुळं गटात कुणी बोललं नाही. एकोणतीस माणसं गप्प. एरवी तीच माणसं एका फळीसाठी वीस वेळा हात जोडणारी. मला तत्त्वार्थसूत्रातले अहिंसाव्रताचे पाच अतिचार आठवले. बांधणं, मारणं, अवयव छेदणं, अतिभार लादणं, अन्नपाणी तोडणं. चौथा वाचताना लहानपणी माझ्या डोळ्यांपुढं कायम उसाची गाडी ओढणारे बैल यायचे. आता पहिल्यांदा माणूस आला.

मी शेजारप्रमुखाला फोन केला. गटात चर्चा नको असा नियम होता, फोनवर नको असा नव्हता. मुलगा एकवीस वर्षांचा निघाला, वडोदऱ्याचा, गायकवाडांच्या काळापासून तिथंच असलेल्या मराठी घरातला. आधी आवाज ताठ होता. "काकू, एकाला सूट दिली की तीस जणांना द्यावी लागते." हे वाक्य मी शाळेत, बँकेत, सोसायटीच्या बैठकीत ऐकलेलं आहे, त्यामुळं मी थांबले. मग विचारलं, "बरं, तो फोटोंचा नियम कुठनं आला रे?"

तेवढ्यानं तो मोकळा झाला. पाऊण तास बोलला. फोटोंचा नियम दोन बहिणींच्या भांडणातून. अंगठ्याचा नियम, कुणीतरी अंगठा दाखवून काम केलंच नाही म्हणून. मदतीचा नियम, एकानं कोठार भरलेलं असूनही कुणाला काही दिलं नाही म्हणून. तीन वर्षांपूर्वी चार जण सगळ्यांकडून सामान मागून घेऊन शर्यतीच्या शेवटच्या दिवशी निघून गेले, शेजार खालच्या वर्गात घसरला, आणि अठरा वर्षांच्या या पोराला सगळ्यांनी नाही नाही ते ऐकवलं. त्या आठवड्यात त्यानं एका रात्रीत अकरा नियम लिहिले. मला त्याचा राग धरवेना. त्रेचाळीस नियमांत त्याला दुसऱ्यावर सत्ता गाजवायची होती असं मला वाटलं होतं. खरं तर त्याला परत कुणाच्या शिव्या खायच्या नव्हत्या. पण ते चौघे कधीच गेले. नियम भरत होती ती नर्स.

मी त्याला घागरीची गोष्ट सांगितली. आणि मुदतीची. म्हटलं, "एवढं कर, प्रत्येक नियमापुढं तारीख घाल. दिवाळीपर्यंत. ज्याला तो पुढं हवा आहे त्यानं उठून सांगावं." तो म्हणाला, "आणि कुणीच नाही सांगितलं तर?" मी म्हटलं, "तर नाही."

दिवाळीला गटात विचारणा झाली. अडतिसावा कुणीच मागितला नाही. अंगठ्याचाही नाही. चौदाव्यावर मात्र दोन दिवस वाद झाला, आणि तो राहिला, 'अडचण असल्यास नंतर कळवले तरी चालेल' अशी शेपटी लावून. फोटोंचा नियम मला वाटलं पहिला जाईल, तर त्यालाच सर्वांत जास्त मतं पडली. इंदूरच्या एक निवृत्त बाई म्हणाल्या, "तो असू द्या हो, नाहीतर फोन भरून जातो." एकूण एकोणतीस उरले. संक्रांतीनंतर त्यात दोन नवे आले, एक माझ्यामुळं. कुठला प्राणी पाळायचा ते ज्याचं त्यानं ठरवावं, असा.

नर्सला परत ये म्हणून निरोप गेला, तिनं नको म्हटलं. तिला दुसरा शेजार मिळाला होता, बारा जणांचा, शर्यतीत नंबर कायम शेवटून, नियम एकही नाही. खेळातल्या मैत्रिणींच्या यादीत मात्र आम्ही अजून आहोत. तिथं फळझाडं थोडी फळं देऊन वाळतात, आणि दुसऱ्या कुणी येऊन पाणी घातलं तर परत पालवतात. तिच्या शेताच्या कोपऱ्यात सफरचंदाचं एक झाड आहे. ते वाळलं की ती खूण लावून ठेवते, मी सकाळी देवदर्शन करून आले की घालून येते.