पुरळ उठायच्या आधीचे चार दिवस

क्रांती चौकाजवळ मी लहान मुलांचा दवाखाना चालवतो. वाळूजचे कामगार, घाटी रुग्णालयाकडे निघालेले नातेवाईक, शाळेच्या रिक्षा, सगळं शहर जालना रोडवरच्या या चौकातून एकमेकांना घासून जातं. इतक्या गर्दीत मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती गोवराची.

प्रतिकारशक्ती नसलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण सरासरी 12 ते 18 जणांना आजार देतो. आजारी मूल निघून गेल्यावरही विषाणू बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. आधी सणकून ताप, वाहतं नाक, खोकला, लाल डोळे; मग कानामागून आणि कपाळावरून अंगभर उतरणारं पुरळ. त्याच्या एक-दोन दिवस आधी गालाच्या आत, दाढांसमोर, लाल त्वचेवर मिठाचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके दिसतात. म्हणून फणफणलेल्या मुलाच्या तोंडात टॉर्च मारून मी नीट पाहतो.

पण ठिपके सापडेपर्यंत उशीर झालेला असतो. पुरळ उठायच्या आधी चार दिवस आणि नंतर चार दिवस मूल आजार पसरवतं. आधीच्या चार दिवसांत ते रिक्षात दाटीवाटीने बसलेलं असतं, अंगणवाडीत खेळलेलं असतं. आजारी मुलाला वेगळं ठेवायलाच हवं, पण तेवढ्याने साथ थांबत नाही. गोवर अडवायचा तो लसीनेच, आणि दोन्ही डोसांनी.

याचा हिशेब सोपा आहे. नऊ महिने पूर्ण झाल्यावरच्या पहिल्या डोसाने शंभरातल्या साधारण 85 मुलांना संरक्षण मिळतं. साथ थोपवायला 95 सुरक्षित हवीत. ही तूट 16 ते 24 महिन्यांतला दुसरा डोस भरून काढतो.

2018च्या नोव्हेंबरात राज्यात गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम सुरू झाली. पुढे कोविडकाळात नियमित लसीकरणाची घडी विस्कटली आणि 2022च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवराने उचल खाल्ली. लेकरं दगावली. मराठवाड्यात तर दसरा-दिवाळीला ऊसतोड कुटुंबं बिऱ्हाड घेऊन कारखान्यांवर जातात. पहिला डोस गावात होतो, दुसऱ्याच्या वेळी मूल फडावर असतं आणि कार्ड गावच्या घरात. आशाताई गावात, मूल दुसऱ्या जिल्ह्यात; मग चुकलेला डोस कुणाच्याच यादीत येत नाही.

“गोवर निघू द्या, औषध नको,” असं आजही घरोघरी म्हणतात. पण गोवरातून न्यूमोनिया होतो, जुलाब होतात, डोळे जाऊ शकतात; आधीच्या आजारांशी झुंजून कमावलेली प्रतिकारशक्तीही घटते. विषाणू मारणारं औषध हाताशी नसलं, तरी सलग दोन दिवस दिलेले अ जीवनसत्त्वाचे डोस जीव वाचवतात. ते डॉक्टरांकडूनच घ्यावेत. संपर्कात आलेल्या, लस न झालेल्या मुलाला 72 तासांत लस मिळाली, तर आजार टळू शकतो.

लसीच्या कुपीत द्रावण मिसळलं की चार तासांत ती वापरावी लागते; उरलेली टाकून द्यावी लागते. तरीही समोर एकच मूल असलं तर कुपी उघडावी, असं माझं ठाम मत आहे. कुपीतले उरलेले चार डोस वाया गेले तर ते पुन्हा मागवता येतात. माघारी पाठवलेलं मूल पुन्हा येईलच, याचा भरवसा नसतो.

गावी किंवा फडावर निघण्यापूर्वी मुलाचं कार्ड काढून दुसरा डोस झालाय का ते पाहा, आणि कार्ड सोबत ठेवा. डोस राहिला असेल, तर पाच वर्षांपर्यंत तो सरकारी केंद्रात मोफत मिळतो. आपल्या लेकराचा तो डोस शेजारच्या नऊ महिन्यांच्या आतल्या बाळालाही राखतो.